विश्लेषण : ‘टेस्ट पायलट’चे जुने जॅकेट खरे की नकली? ते ओळखायचे कसे?

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याच्या आसपास गोदामेच गोदामे दिसतात. मोबाइलवरून मागवलेले कपडे, बूट, मिक्सर अशा गोदामांतूनच घरोघरी रवाना होतात. त्याच मोबाइलवर ‘व्हिंटेज पायलट जॅकेट’ शोधले, तर नवी कोरी, मुद्दाम मळकट केलेली आणि खरोखरच ऐंशी वर्षांची जॅकेटे एकाच रांगेत समोर येतात. वर्णनात ‘टेस्ट पायलटचे’ एवढे जोडले की भाव आणखी चढतो. मानकोलीवरून जाणारा हाच महामार्ग नाशिकमार्गे ओझरला पोहोचतो आणि तिथे खरोखरीचे चाचणी वैमानिक काम करतात. त्यांचे म्हणून विकले जाणारे जॅकेट कसे तपासायचे, ते पाहू.

चाचणी वैमानिक म्हणजे कोण?

नवे विमान पहिल्यांदा उडवणारा, त्याचा वेग, उंची, वळणे यांच्या मर्यादा तपासणारा वैमानिक. कारखान्यातून बाहेर पडलेले प्रत्येक विमान हवाई दलाकडे सोपवण्याआधी उडवून पाहणे हेही त्याचेच काम. ओझरचा ‘एचएएल’चा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. अंतराळवीर राकेश शर्मा १९८७ ते १९९२ या काळात इथे मुख्य चाचणी वैमानिक होते. ‘तेजस मार्क-१ए’ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमधून पहिली झेप घेतली, तीही चाचणी वैमानिकाच्याच हाती.

काम जोखमीचे आहे. ‘एचएफ-२४ मारुत’ हे भारतात विकसित झालेले पहिले लढाऊ जेट १९६१ मध्ये पहिल्यांदा उडवणारे सुरंजन दास १० जानेवारी १९७० रोजी त्याच विमानाच्या सुधारित आवृत्तीची चाचणी घेताना बेंगळूरुत मृत्युमुखी पडले. बेंगळूरुत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

त्यांचे जॅकेट वेगळे असते का?

नाही. सगळी गोम इथेच आहे. ‘टेस्ट पायलट जॅकेट’ असा कोणताही सरकारी नमुना प्रसिद्ध नाही. अमेरिकेत काय किंवा ब्रिटनमध्ये काय, हे वैमानिक इतर वैमानिकांना मिळणारेच जॅकेट घालत. आपल्याकडच्या उकाड्यात तर उड्डाणासाठी ओव्हरऑल आणि त्यावर जी-सूट हाच पोशाख. त्यामुळे ‘भारतीय टेस्ट पायलटचे लेदर जॅकेट’ असे कोणी म्हटले, तर आधी शंका घ्यावी.

मग जॅकेटचे वय कसे कळते?

सर्वात आधी गळ्याच्या आतल्या बाजूचे लेबल पाहावे. अमेरिकेच्या हवाई दलाचे प्रसिद्ध ‘ए-२’ चामडी जॅकेट १९३१ मध्ये अधिकृत झाले. त्याच्या लेबलवर ३०-१४१५ हा आराखडा क्रमांक, ऑर्डर क्रमांक आणि कारखान्याचे नाव असते. युद्धकाळातील बहुतेक ए-२ घोड्याच्या चामड्याचे. पाठीला एकच सलग तुकडा, पुढे झाकणाचे दोन खिसे. हात ऊबेत ठेवण्यासाठी बाजूने उघडणारे खिसे त्याला नसतात. पाठीवर तीन-चार तुकडे जोडलेले असतील, तर ते फॅशनचे जॅकेट. मात्र अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ पुन्हा सुरू केले, ते बकऱ्याच्या चामड्याचे. म्हणजे सरकारी असूनही महायुद्धातले नसलेले ए-२ बाजारात भरपूर आहेत.

जेट विमाने आली, कॉकपिट अरुंद झाले आणि चामड्याची जागा नायलॉनने घेतली. आज कॉलेजच्या पोरांच्या अंगावर दिसणारे ‘बॉम्बर’ हे मुळात एमए-१. त्याचा मानक क्रमांक एमआयएल-जे-८२७९. पुढे ए, बी, सी अशी अक्षरे वाढत गेली, तसे जॅकेट अधिक अलीकडचे. भडक नारिंगी अस्तर साधारण १९६० पासूनचे. विमान कोसळले, तर जॅकेट उलटे घालायचे, म्हणजे शोधपथकाला दुरून दिसते. अमेरिकी कागदपत्रांत या रंगाचे नाव चक्क ‘इंडियन ऑरेंज’! ‘१९५५ चे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एमए-१ ला असे अस्तर असेल, तर विक्रेता चुकतोय किंवा फसवतोय.

कंत्राट क्रमांकही बोलका असतो. ‘डीएसए’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक १९६१ नंतरचाच, कारण ती खरेदी संस्थाच त्या वर्षी स्थापन झाली. ‘डीएलए’ असेल तर १९७७ नंतरचा. डीएसए-१००-६८ अशा क्रमांकातले ६८ म्हणजे आर्थिक वर्ष १९६८.

लेबलच नकली असेल तर?

असते, आणि नेहमी वाईट हेतूनेच असते असे नाही. बझ रिक्सन्स, रिअल मॅकॉइज यांसारख्या जपानी कंपन्या जुन्या जॅकेटांच्या हुबेहूब प्रतिकृती लेबलसकट बनवतात आणि प्रतिकृती म्हणूनच विकतात. गडबड होते ती दोनदा हात बदलल्यावर.

त्यासाठी धागा पाहावा. पॉलिस्टर धागा कपड्यांत रुळला तो १९५० नंतर. शिवणीतून सुटलेले टोक कापून चिमट्यात धरून जाळावे. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली आधुनिक पांढरा धागा निळसर चमकतो. पण थांबा : जुने जॅकेट हल्लीच्या डिटर्जंटने धुतले असेल, तर सुती धागाही चमकतो. ही खूण एकटी पुरेशी नाही. झिपचेही तसेच. महायुद्धातल्या ए-२ वर टॅलन, क्राउन किंवा कॉनमार ही नावे सापडतात. वायकेके दिसले, तर झिप नंतर बदललेली असू शकते. तेवढ्यावरून जॅकेट बाद होत नाही, किंमत उतरते.

भारताशी काही संबंध?

दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकी वैमानिकांनी आपल्याकडच्या कारागिरांकडून बिल्ले बनवून घेतले होते. ढालीच्या आकारात लाल-पांढरे पट्टे, वर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा. चामड्याचे किंवा जरीचे हाताने केलेले हे बिल्ले संग्राहक आज हौसेने शोधतात. आपल्या जुन्या बाजारात हाती लागण्याजोगी खरी वस्तू बहुधा हीच, जॅकेट नव्हे.

‘टेस्ट पायलटचेच’ हे कशावरून?

लेबल कारखाना सांगते, वर्ष सांगते. घालणारा माणूस सांगत नाही. छातीवरची नावाची पट्टी किंवा चाचणी संस्थेचा बिल्ला संगणकी भरतकामाच्या यंत्रावर काही मिनिटांत तयार होतो. त्यासाठी अमेरिकेला जायला नको, भिवंडीच्या शेजारच्या उल्हासनगरच्या ‘यूएसए’चा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पुरावा जॅकेटच्या बाहेर शोधावा लागतो : त्याच जॅकेटमधला वैमानिकाचा फोटो, त्याची उड्डाणवही, कुटुंबाचे पत्र. फोटोतली सुरकुती, डाग किंवा खिशाची वाकडी शिवण हातातल्या जॅकेटशी जुळली, तर बात काही और. शिवाय बिल्ला काढून पाहावा. जुन्या बिल्ल्याखालचे कापड किंवा चामडे कमी विटलेले असते. सर्वत्र एकच रंग असेल, तर बिल्ला अलीकडचा.

घालून फिरता येते का?

फॅशन म्हणून घातले, तर प्रश्न नाही. पण आपण हवाई दलाचे आहोत असे लोकांना वाटावे, या हेतूने तसा पोशाख केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. परदेशातून वापरलेले कपडे मागवण्यावरही आयात धोरणात निर्बंध आहेत. पार्सल सीमाशुल्क विभागात अडकू शकते.

घरातच असे जॅकेट असेल तर?

नाशिक, पुण्यात निवृत्त वैमानिकांची अनेक घरे आहेत. त्यांनी ते धुऊ नये, बिल्ले उसवू नयेत, झिप बदलू नये. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती चादरीत, रुंद हँगरवर ठेवावे. कोणी, कुठल्या साली, कोणत्या विमानावर असताना घातले ते कागदावर लिहून तो कागद खिशात घालावा आणि आजोबा हयात असतील, तर त्यावर त्यांची सही आजच घ्यावी.