मोटरीच्या खोलीतला बोर्ड आणि घरातला लॅपटॉप

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणारा बोर्ड असो, की कराडजवळ कृष्णाकाठच्या मोटरीचा रिले सांभाळणारा ईएसपी३२ बोर्ड, तो अडकला की रात्री-अपरात्री लॅपटॉप घेऊन शिवारात जावं लागतं, असंच बहुतेक जण धरून चालतात. तशी गरज नसते. अशा बोर्डावर चालणाऱ्या मायक्रोपायथनचा >>> हा प्रॉम्प्ट सीरियल तारेवर येतो आणि ती तार नेटवर्कवर आणता येते. मोटरीच्या खोलीत रास्पबेरी पाय ठेवायचा, बोर्ड त्याला यूएसबीने जोडायचा आणि पायवर सेरटूनेट हा प्रोग्राम चालवायचा. तो नेटवर्कवरून आलेली अक्षरं तारेवर टाकतो आणि तारेवरची नेटवर्कवर.

‘बोर्डात वायफाय आहेच, मग हा पूल कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. मायक्रोपायथनमध्ये पोर्ट ८२६६ वर चालणारा वेबरेपल, म्हणजे वायफायवरून मिळणारा प्रॉम्प्ट आहे, हे खरं. पण तो त्याच बोर्डात, त्याच वायफायवर चालतो. सुरुवातीच्या फाइलमध्ये चूक झाली किंवा वायफायच लागलं नाही, तर नेमका गरजेच्या वेळी तो गायब. सीरियल तार वीज आल्या क्षणापासून बोलते. प्रोग्राम कोणत्या ओळीवर कोसळला, तेही सांगते.

‘जोडणी झाली, पण स्क्रीन कोरी, म्हणजे बोर्ड गेला.’ तसं नसतं; बहुतेक वेळा प्रोग्राम चालू असतो, म्हणून प्रॉम्प्ट दिसत नाही. कंट्रोल-सी दाबलं की येतो. तरीही नाही आला तर वेग तपासा, तो सहसा ११५२०० असतो. ईएसपी८२६६ सुरू होताना आधी ७४८८० वेगाने बोलतो, त्यामुळे पहिल्या काही ओळी अगम्य दिसणारच. यूएसबी न वापरता थेट पिना जोडल्या असतील, तर एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला हवी, ग्राउंड सामाईक हवा आणि पातळी ३.३ व्होल्टची, ५ व्होल्टने पिन जळू शकते.

आता सर्वांत जपायची गोष्ट. कंट्रोल-सीने प्रोग्राम थांबतो, म्हणून मोटरही थांबली असं अनेकांना वाटतं. थांबतो फक्त प्रोग्राम. पिन होती त्याच स्थितीत राहते. रिले ओढलेला असेल तर मोटर चालूच, आणि विहिरीतलं पाणी संपलं तरी बघणारं कुणी नाही. कंट्रोल-डीने पायथन नव्याने सुरू होतं, पण त्यानेही पिना बंद होतील असं समजू नये. प्रॉम्प्ट मिळताच आधी रिलेची पिन बंद करा, मगच कोडला हात घाला. उलट काही बोर्ड पोर्ट उघडताच रीसेट होतात, म्हणजे नुसतं डोकावलं तरी चालू पाणी बंद पडू शकतं.

साधा टीसीपी पूल फक्त अक्षरं नेतो. दुरून वेग बदलायचा किंवा रीसेटच्या रेषा हलवायच्या, तर १९९७ साली ठरलेला आरएफसी २२१७ हा प्रोटोकॉल हवा. सेरटूनेट आणि मायक्रोपायथनचं एमपीरिमोट हे साधन, दोन्ही तो जाणतात.

‘शेतातला पत्ता कुणाला माहीत आहे?’ हा भरवसा मात्र सोडा. साध्या मांडणीत या पुलाला स्वतःचा पासवर्ड नसतो, मजकूरही उघडाच जातो. पोर्टपर्यंत पोचलेला कोणीही मोटर चालू करू शकतो. पोर्ट पायपुरतंच ठेवा आणि घरून एसएसएच किंवा वायरगार्डमधून आत या. मोबाइल सिमवर बाहेरून थेट जोडणी सहसा होतच नाही. तिथे पायनेच बाहेरच्या सर्व्हरशी वायरगार्डचा दुवा धरून ठेवायचा आणि आपण त्या सर्व्हरमार्गे जायचं.