अस्वलाची मासेमारी: झेप कमी, हिशेब जास्त

मासे पकडणारं तपकिरी अस्वल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य येतं: धबधब्याच्या माथ्यावर अस्वल उभं आहे आणि खालून उसळलेला सॅल्मन थेट त्याच्या उघड्या जबड्यात शिरतो आहे. हे दृश्य खोटं नाही. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रूक्स नदीवर जेमतेम सहा फुटांचा एक धबधबा आहे. छायाचित्रकार थॉमस मँगल्सन यांनी १९८८ मध्ये तिथेच टिपलेल्या फोटोमुळे हे दृश्य जगभर पोहोचलं. पुढे २०१२ पासून इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणाने ते घरोघरी नेलं. गफलत होते ती यानंतर. अस्वल म्हणजे चपळ, झडप घालणारा शिकारी, तो पंजाच्या फटक्याने मासा काठावर उडवतो आणि जगातली सगळी तपकिरी अस्वलं अशीच पोट भरतात, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. प्रत्यक्षात या मासेमारीत चपळाईचा वाटा बेताचाच. अंगातली ताकद कमीत कमी खर्चून जास्तीत जास्त चरबी कशी पदरात पडेल, यावर तिचं सगळं गणित बसलेलं आहे.

आधी जागेचं बघू. वाहत्या पाण्यात धडधाकट सॅल्मनचा पाठलाग करणं हा अस्वलासाठी आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून ते अशी जागा धरतं जिथे माशालाच थबकावं लागतं. जुलैमध्ये समुद्रातून वर निघालेले सॉकाय सॅल्मन धबधब्याखाली अडतात, गर्दी करतात आणि पुन्हा पुन्हा उड्या मारतात. माथ्यावरचं अस्वल फक्त मान पुढे काढून उभं राहतं. जबडा मिटण्याची वेळ साधली की झालं. पण त्याहून बोलकी पद्धत धबधब्याच्या पायथ्याशी दिसते. तिथल्या फेसाळ डोहात अस्वल छातीपर्यंतच्या पाण्यात चक्क बसून राहतं. खळबळत्या पाण्यात दिसत काहीच नाही. मासा अंगाला घासून गेला की दोन्ही पंजांनी त्याला तळाशी दाबायचं, मग तोंड खाली घालून दातांत धरायचं. पंजाचं काम दाबण्याचं, पकडण्याचं काम दातांचं. फटक्याने मासा उडवण्याचा प्रकार तिथल्या नेहमीच्या पद्धतींत बसत नाही. ती लांब नखं मुख्यतः जमीन उकरण्याच्या कामाची. काही अस्वलं डोकं पाण्याखाली घालून मासा शोधत हिंडतात, काही बुडी मारतात. काही सरळ दुसऱ्याच्या तोंडचा मासा हिसकावतात, आणि हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर ही चोरीही मासेमारीइतकीच रास्त!

यावर कुणी म्हणेल की उथळ पाण्यात माशांमागे सुसाट धावणारी अस्वलंही दिसतात, त्यांचं काय? ती असतात, आणि त्यांत कोवळ्या, अननुभवी अस्वलांचा भरणा मोठा. मोक्याची जागा त्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून धावाधाव. म्हणजे शेवटी ताकदच निर्णायक ठरली ना? जागा मिळवण्यापुरती, हो. थोराड नर पुढे आला की बाकीचे मुकाट्याने सरकतात. पण जागा मिळाल्यावर कामी येतो तो धीर. ओटिस या नावाने प्रसिद्ध झालेला ४८० क्रमांकाचा नर याचा चांगला पुरावा आहे. म्हातारा, दोन सुळे गेलेले, बाकीचे दातही झिजलेले; तरी धबधब्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात तासन्‌तास बसून तो मासे धरायचा. २०२१ मध्ये तो उन्हाळ्यात हडकुळा होऊन आला आणि शरद ऋतूपर्यंत इतका भरला की उद्यानाच्या ‘फॅट बेअर वीक’ या लोकमताच्या स्पर्धेत पहिला आला.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. ऑगस्टमध्ये ब्रूक्सच्या धबधब्यावर अस्वलं तुरळक होतात, कारण मासे आजूबाजूच्या छोट्या ओढ्यांत अंडी घालायला पोहोचलेले असतात आणि तिथल्या ओंजळभर पाण्यात त्यांच्या पाठी उघड्या पडतात. सप्टेंबरात अस्वलं पुन्हा ब्रूक्स नदीवर येतात. या वेळी मरणासन्न आणि मेलेले मासे गोळा करायला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या नाइट इनलेट भागात अभ्यासकांना तपकिरी अस्वलं रात्रीच्या अंधारातही मासे पकडताना आढळली. आपण पाहतो ते फोटो मात्र दिवसाउजेडीचे आणि बहुतेक जुलैचे.

हिशेबाचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र खाण्यात सापडतो. मासे मुबलक असले की अस्वल अख्खा मासा खात नाही. कातडी, मेंदू आणि अंडी, म्हणजे चरबीचा भाग तेवढा ओरबाडतं आणि उरलेलं सीगलसाठी सोडतं. याला नासाडी म्हणणं सोपं आहे, पण हिवाळी झोपेत सुमारे एक तृतीयांश वजन गमावणाऱ्या प्राण्यासाठी पोटातली जागा कमी चरबीच्या मांसाने भरणं हीच खरी नासाडी. शिवाय मासा म्हणजे अस्वलाचा जीव की प्राण, हेही खरं नाही. अलास्कातल्याच कोडियाक बेटावर २०१४ च्या उष्ण उन्हाळ्यात एल्डरबेरीची लाल फळं लवकर पिकली, नेमकी सॅल्मनच्या हंगामात. अस्वलांनी माशांनी भरलेले ओढे सोडले आणि फळं खायला डोंगर गाठला. याबद्दल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारणही दिलं आहे: निव्वळ मासे खाण्यात प्रथिनं गरजेपेक्षा जास्त होतात, या फळांतलं त्यांचं प्रमाण वजन वाढवायला अधिक सोयीचं. आणि आपल्या लडाख-काश्मीरच्या उंच कुरणांवरचं हिमालयी तपकिरी अस्वल तर सॅल्मनचं तोंडही न पाहता गवत, कंदमुळं आणि मार्मोटवर गुजराण करतं. जात तीच, नदी वेगळी.

राहिला शेवटचा आक्षेप: इतकी अस्वलं मासे खातात, मग सॅल्मन संपणार नाहीत का? काही मासे अंडी घालण्याआधीच बळी पडतात, हे कबूल करायला हवं. पण सॉकाय आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि त्यानंतर मरतोच, त्यामुळे हंगामाच्या उत्तरार्धात अस्वलाच्या तोंडी जाणाऱ्या बहुतेक माशांचं काम उरकलेलं असतं. ब्रूक्सचं पाणी ज्या ब्रिस्टल उपसागराला मिळतं, तिथे २०२२ मध्ये विक्रमी ७.९ कोटींच्या आसपास सॉकाय परतले. त्यांतले सुमारे ६ कोटी माणसांच्या जाळ्यांत गेले.