इगर्जीच्या दारातली शाळा

१५६० मध्ये कुठ्ठाळीच्या मंगेशाचे लिंग झुआरी ओलांडून, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर अंत्रूज महालात नेण्यात आले. शेजारच्या केळोशीची शांतादुर्गाही त्याच सुमारास कवळ्याला गेली. देवांबरोबर काही कुटुंबे गेली, काही मागे राहिली. राहिलेल्यांच्या गावात इगर्ज, म्हणजे चर्च, उभी राहिली आणि इगर्जीला लागून एक शाळा. पलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्यात, देवळांच्या आश्रयाने गाण्याची एक परंपरा वाढली. अलीकडे साष्टी, बार्देश आणि तिसवाडीत पॅरिशच्या, म्हणजे एकेका इगर्जीच्या कक्षेतल्या वस्तीच्या, शाळेतून दुसरी वाढली. पहिलीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे आपल्या घरातलीच आहेत. दुसरीचा मागोवा मात्र मराठीत फारसा कुणी घेतलेला नाही.

या शाळेचा हेतू सुरुवातीपासून उघड होता: नव्याने ख्रिस्ती झालेल्या गावांत धर्म रुजवणे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्यातून फिरत आणि मुलांना गोळा करत. धर्माचे पाठ ते मुलांकडून चालीवर म्हणवून घेत. चालीवरचे लवकर पाठ होते, शेतात काम करताना ओठांवर येते आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या कानावर पडते, हे त्यांनी हेरले होते. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल महाविद्यालयात धर्मशास्त्र आणि लॅटिनबरोबर संगीतही शिकवत. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये तिथेच आला. मग प्रदेश वाटले गेले. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेझुइटांकडे. जिथे पॅरिश तिथे शाळा, हा शिरस्ता सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला.

ही शाळा जबरदस्तीच्या काळात जन्मली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. त्याआधीच, १५५९ मध्ये, अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम निघाला होता. ज्या बाकांवर मुले 'दोतोर्न', म्हणजे धर्मशिक्षण, घोकत होती, त्या बाकांखालची जमीन कुणाची तरी काढून घेतलेली होती. कित्येक गावांत गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या, उत्पन्नातला जो वाटा पूर्वी देवळाकडे जाई तो आता इगर्जीकडे वळला आणि शाळाही त्यावरच चालली. तिथल्या संगीताचे कौतुक करताना ही बाजू झाकणारे लेखन मला पटत नाही. पण तेवढेच सांगून थांबणारे लेखनही अपुरे वाटते, कारण त्यात पुढच्या चारशे वर्षांत त्या मुलांनी स्वतः काय घडवले ते हरवते.

शाळेचा कणा होता मेस्त्री. इगर्जीच्या गायनवृंदाचा प्रमुख, मुलांचा संगीतशिक्षक, अनेकदा वाचन-लेखनाचाही शिक्षक, असा तो गावचाच माणूस. त्याची शिकवण्याची रीत ठरलेली होती. आधी 'सोल्फेज', म्हणजे स्वरलिपी डोळ्यांनी वाचून, हाताने ताल धरत, स्वरांची नावे गाणे: दो, रे, मी, फा. हाताशी 'आर्तिन्या' नावाची संगीताची छोटी प्राथमिक पोथी. हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. सोल्फेज पक्के झाल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही. त्यानंतर बहुधा व्हायोलिन येई, मग ज्याचा जसा ओढा तसे क्लॅरिनेट, कॉर्नेट किंवा डबल बास. आठ-दहा वर्षांचे पोर, ज्याचा बाप ताडी काढतो किंवा दुसऱ्याच्या शेतात राबतो, ते कधीही न ऐकलेली चीज कागदावरून पहिल्या फटक्यात गाऊन दाखवू लागे. उपखंडात त्या काळी सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला असे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत होते, असे मला आढळलेले नाही.

भाषेचा प्रवास याहून खडतर होता. पहिल्या पिढ्यांतल्या मिशनऱ्यांना लोकांची भाषा हवी होती. थॉमस स्टीफन्स यांनी रायतूरला १६१६ मध्ये ओवीबद्ध मराठीत, रोमी लिपीत, 'क्रिस्तपुराण' छापले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, त्यांचे कोकणीतले धर्मशिक्षणाचे पुस्तकही छापून निघाले. मग वारे फिरले. १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी असे ठरवले. शाळेतली पहिली भाषा बदलली, घरातली बदलली नाही. मुले प्रार्थना कोकणीत, धडे पोर्तुगीजमध्ये आणि गाणी लॅटिनमध्ये म्हणत मोठी झाली. आपल्या मातृभाषेत लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण स्वरलिपी सफाईने वाचणाऱ्या पिढ्या यातूनच तयार झाल्या. त्या फर्मानाचे नुकसान गोव्याला आजही भोगावे लागते.

१७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज राज्यातून हाकलले गेले. १८३५ मध्ये उरलेले धर्मसंघही गोव्यात बंद झाले, त्यांची मोठी कॉन्व्हेंटे ओस पडली. पॅरिशच्या शाळा मात्र तगल्या. त्यांना चालवणारा मेस्त्री युरोपातून आलेला नव्हता, त्यामुळे त्याला परत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. गोमंतकीय पाद्री पॅरिश सांभाळत होते, मेस्त्री शिकवत होता, त्याचा मुलगा किंवा भाचा पुढचा मेस्त्री होत होता. ज्यांनी ही शाळा सुरू केली त्यांच्या हातातून ती निसटून गावाची झाली, असे मी या टप्प्याबद्दल म्हणेन.

गावाने तिचे काय केले ते पाहायचे तर मे महिन्यात साष्टीतल्या एखाद्या वाड्यावरच्या क्रुसापाशी लादीन ऐकावी. संध्याकाळ झाली की क्रुसाला फुले आणि मेणबत्त्या लागतात, शेजारपाजारची माणसे जमतात. दोन व्हायोलिने, कधी एक क्लॅरिनेट. मेस्त्री मान हलवून ताल देतो आणि मारियेची लॅटिन स्तोत्रमाला दोन-तीन आवाजांत सुरू होते. वरचा आवाज बायका आणि मुले धरतात, खालचा पुरुष. यातल्या फारच थोड्यांनी लॅटिन शिकलेले असते, पण आपला आवाज कुठे वर जातो आणि कुठे दुसऱ्याच्या खाली थांबतो ते प्रत्येकाला ठाऊक असते. मग उकडलेले चणे आणि फेणी फिरते, गप्पा होतात. शाळेने इगर्जीसाठी शिकवलेले गाणे असे अंगणात उतरले.

चाळीस दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मोतेत गायले जातात. येशूच्या यातनांवरच्या या लॅटिन रचना युरोपीय घाटाच्या आहेत, पण त्यातले कितीतरी मोतेत गोव्यातल्याच मेस्त्रींनी आणि पाद्रींनी रचले. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि बासची साथ. पंचक्रोशीतले जाणकार कान देऊन ऐकतात आणि कुठल्या गावचा मोतेत यंदा कसा झाला यावर नंतर वाद घालतात. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, पहाटे गाव उठवणारा बँड, लग्नाचा बँड, मयताचा बँड, सगळे याच वर्गातून निघाले. एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो हा गीतप्रकार कोकणीत आहे, पण त्याच्या दोन आवाजांच्या बांधणीमागे सोल्फेज आहे.

या शाळेच्या मर्यादाही होत्या. मुलींना दोतोर्न मिळे, सोल्फेज फार उशिरापर्यंत नाही. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरच्या मुली पियानो शिकत, तो घरी, मास्तर बोलावून. जातही संपली नव्हती. इगर्जीतल्या कोंफ्रादी, म्हणजे भाविकांची मंडळे, जातीनुसार वाटलेल्या होत्या, मानपान ठरलेला होता. वरच्या जातींतल्या मुलाला संगीत ही शोभा होती. जमीन नसलेल्या घरातल्या मुलाला ते पोटाचे साधन ठरले. म्हणूनच गोव्याबाहेर जाऊन वाजवणाऱ्यांत दुसऱ्या गटातली मुले अधिक होती.

ही मुले मुंबईला आली. धोबीतलावच्या गल्ल्यांत गावागावांच्या 'कुडी' होत्या: एका गावच्या माणसांनी एकत्र भाड्याने घेतलेली, ट्रंका आणि चटयांनी भरलेली जागा, कोपऱ्यात वेदी. ब्रिटिशांच्या लष्करी बँडला, पोलिसांच्या बँडला, संस्थानिकांच्या दरबाराला, मूकपटांच्या थिएटरांना, जहाजांना आणि हॉटेलांना वाचून वाजवणारे वादक हवे होते. इंग्रज बँडमास्तराने समोर कागद ठेवला की साष्टीचा किंवा बार्देशचा मुलगा तो सरळ वाजवत असे. १८९२ मध्ये पहिले तियात्र, म्हणजे गाण्यांचे कोकणी नाटक, झाले तेही मुंबईतच.

बोलपट आले, आणि चाळीस-पन्नासच्या दशकांत हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद फुगत गेला. संगीतकार चाल बांधत, पेटीवर म्हणून दाखवत. तीस-चाळीस वादकांनी त्याच दिवशी एकत्र काय वाजवायचे ते कुणीतरी लिहून काढावे लागे. ते काम मोठ्या प्रमाणावर गोमंतकीयांनी केले. लाहोरमध्ये बँड चालवलेले सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईला आले आणि शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाचा आवाज घडवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्र यांच्याबरोबर 'अलबेला'त होते. पडद्यावर नावे संगीतकारांची येत, यांची क्वचित.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मला या सगळ्या गोष्टीच्या मध्यभागी उभे दिसतात. जन्म १९२७ चा. वडील माजोर्ड्याच्या इगर्जीतल्या गायनवृंदाचे मेस्त्री, पहिले शिक्षण त्यांच्याकडेच. १९४३ मध्ये मुंबई, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन. राहुलदेव बर्मन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते प्यारेलालांनी गुरूला केलेला नमस्कार म्हणून. पण त्यांची खरी धडपड वेगळी होती. रागसंगीत वाद्यवृंदासाठी लिहायचे आणि त्याची मांडणी सर्वांनी कागदावरून वाजवायची, हा त्यांचा ध्यास. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात कार्यक्रम केला. त्यात गायल्या लता मंगेशकर. ज्या घराण्याचे दैवत साष्टीतून झुआरीपलीकडे गेले त्या घराण्याची मुलगी, आणि साष्टीत राहिलेल्या गावातल्या मेस्त्रीचा मुलगा. १५६० नंतर दोन वाटांनी गेलेले गोव्याचे गाणे मुंबईत एका मंचावर आले. स्टुडिओत तर ते रोजच एकत्र येत होते. लताबाईंच्या आवाजामागे साष्टी-बार्देशची व्हायोलिने किती वर्षे वाजली याचा आपण मराठी श्रोत्यांनी कधी हिशोब केला नाही.

गावात मात्र शाळेचे रूप पालटू लागले होते. मुंबई, कराची, आफ्रिका इथे नोकरी हवी तर इंग्रजी हवे. विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी १८८७ मध्ये हडफड्याला सेंट जोसेफ शाळा काढली तेव्हापासून बार्देशात इंग्रजीची ओढ वाढत गेली. १९६१ च्या मुक्तीनंतर पोर्तुगीज संपली आणि पॅरिशच्या आवारांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा भराभर उभ्या राहिल्या. त्यांनी सर्व धर्मांच्या मुलांना चांगले शिकवले, यात वाद नाही. पण दिवसभराचे वेळापत्रक आता परीक्षा मंडळाचे होते आणि सोल्फेज त्यात बसत नव्हते. त्याच दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने उपासना लोकभाषेत आणली. कोकणी गीते आली हे फार चांगले झाले, त्यासाठी जेझुइट पाद्री वास्को द रेगो यांच्यासारख्यांनी मेहनत घेतली. मात्र लॅटिन चार आवाजांची गरज कमी झाली तशी मेस्त्रीची गरजही कमी झाली.

१९९० च्या सुमारास शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषेतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान, असे धोरण ठरले आणि धर्मप्रांताच्या शंभरावर प्राथमिक शाळा कोकणी माध्यमाकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान मिळू लागले आणि यातल्या बहुतेक परत इंग्रजीकडे गेल्या. त्यावरून झालेला वाद अजून शमलेला नाही. मला पालकांची बाजू कळते. ज्याचा आजा स्वरलिपीच्या जोरावर बोटीवर गेला त्याला बाहेरच्या जगाची भाषा हवीच. तरीही ज्या संस्थेच्या हयातीत १६८४ चे फर्मान निघाले, त्या संस्थेने पहिली चार वर्षे मुलाच्या स्वतःच्या भाषेत देण्याची संधी हातची जाऊ द्यायला नको होती.

पणजीत १९५२ मध्ये आंतोनिओ द फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली, पुढे कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग झाला. शहरातल्या मुलाची सोय तिथे होते. गावातल्या मुलाला आजही इगर्जच जवळची, आणि काही पॅरिशमध्ये संध्याकाळचे व्हायोलिनचे वर्ग पुन्हा भरतात. तिथे काय शिकवावे याचा खजिना गावातच पडून आहे. मेस्त्रींच्या हस्तलिखित वह्या, मोतेतांचे वेगवेगळ्या वाद्यांचे सुटे कागद, बँडची पुस्तके घराघरांतल्या पेट्यांत आहेत आणि पावसाळी हवा, वाळवी त्यांना खात आहे. विद्यापीठाचा संशोधक दारात आला तर कुटुंबे बिचकतात; पाद्रविगाराने, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाद्रीने, रविवारी मिसेनंतर विचारले तर वही बाहेर येईल. इगर्जीकडे खोली आहे, कपाट आहे, नोंदी ठेवण्याची जुनी सवय आहे. वह्यांची छायाचित्रे घेऊन मूळ प्रत घरी परत द्यावी, गाव आणि मेस्त्रीचे नाव लिहून ठेवावे, आणि त्यातला एक मोतेत दरवर्षी मुलांकडून बसवून घ्यावा. कुठला कागद कुणाच्या हातचा हे अक्षरावरून सांगू शकणारे वृद्ध गायक साष्टीत अजून आहेत, म्हणून हे काम येत्या दोन-चार वर्षांतच व्हायला हवे.