तेल केसाला, अन्न मुळाला

नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले जवळपास 69 लोक आदिवासी आहेत, आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बायकांच्या दाट केसांचं कौतुक शहादा-तळोद्याच्या सपाटीवर नेहमी ऐकू येतं. त्याचं श्रेय ठरलेलं असतं: जंगलातलं तेल. याच समजावर मोबाइलवर ‘आदिवासी हेअर ऑइल’चा धंदा फोफावला. त्या व्हिडिओंत कमरेखाली केस सोडून उभे असलेले लोक बहुतेक वेळा म्हैसूरजवळच्या पक्षिराजपुरातल्या हक्कीपिक्की समाजाचे असतात; आपल्या धडगाव-मोलगीशी त्यांचा संबंध नाही. तरी वय झालं की केस विरळ व्हायचे थांबतील या आशेने इथलीही माणसं ती बाटली मागवतात, आणि तिच्यात मजुरीचे कित्येक दिवस जातात. तेल निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. तेलाचं काम केसाच्या दिसणाऱ्या भागापुरतं आहे, आणि वयाबरोबर केसांचं जे होतं ते मुळाशी ठरतं. मुळापर्यंत पोचतं ते रक्त.

डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. जिवंत असतं ते त्वचेतलं मूळ. तिथे केस दोन ते सहा वर्षं, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, मग तीनेक महिने विसावतो आणि गळतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे आजाराचं लक्षण नव्हे. तेलाचा उपयोग त्या निर्जीव धाग्याला होतो. 2003 साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. धुण्या-विंचरण्यात केसातून निघून जाणारं प्रथिन खोबरेलानेच कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे विसरू नये. पण त्यांचाही दावा केस कमी तुटण्याचा होता, नवे उगवण्याचा नव्हता. आपल्याकडच्या मोहाच्या बियांच्या तेलाला तर हा निष्कर्ष सरळ लावताच येत नाही, कारण त्यात मुख्यतः वेगळी स्निग्धाम्लं असतात. ते केसाला मऊपणा देईल, गुंता सोडवेल, आणि तेवढंही थोडं नाही. मात्र कोंडा असेल तर तेल थापून ठेवू नये: कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेवरच्या स्निग्धांशावरच पोसते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, ‘अमक्या तेलाने गळती थांबलेली आम्ही पाहिली आहे.’ पाहिलेलं खोटं नसतं. कारण मात्र वेगळं असू शकतं. जोराचा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार यांनी पुष्कळ केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळतात. तोवर ताप विसरलेला असतो. माणूस घाबरून तेल आणतो, आणि त्याच सुमारास शरीर आपोआप सावरू लागतं. काही महिन्यांत नवे केस दिसतात नि श्रेय बाटलीला मिळतं. तेल न लावणाऱ्यांचेही केस तसेच परत आलेले असतात. त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

नंदुरबारला खरी काळजी वाटायला हवी ती रक्ताची. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं तर अनेकींचे केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षं पाळीत रक्त जाणारी, एकामागून एक बाळंतपणं झालेली बाई चाळिशीला पोचते ती हा तोटा घेऊनच. इथे मात्र केसांसाठी म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करणं बरोबर नाही. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. रक्तक्षय कशामुळे आहे हे तपासूनच गोळी घ्यावी.

‘बदाम-अक्रोड आम्हाला कुठे परवडतात?’ हा प्रश्न रास्त आहे, पण केसांना बदामच लागतो असं नाही. उडदाची डाळ, तूर, हरभरा, नागली, शेवग्याचा पाला, जमेल तेव्हा अंडी किंवा मासे यांतून प्रथिनं आणि लोह मिळतं. पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू हवा, आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण चहा ते लोह शोषू देत नाही. एवढा बदल फुकटात होतो. उलट ‘केसांच्या व्हिटॅमिन’च्या महागड्या गोळ्या निरुपद्रवी असतात हा समज धोक्याचा आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत काही दिवसांत लोकांना टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर, शाम्पूवर संशय गेला. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम खूप वाढल्याचं सांगून त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. सेलेनियम शरीराला लागतं, पण किंचित. प्रमाणाबाहेर गेलं की केसच गळतात. आणि केसांच्या अनेक गोळ्यांत तेच घातलेलं असतं.

पांढऱ्या केसांचं गणित निराळं आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी मुळाशी संपत जातात, आणि त्या कधी संपणार हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं असतं. आवळा किंवा माका वरून चोळून त्या परत येतात याला पुरावा नाही. पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर मात्र बी-12 आणि थायरॉइड तपासावं. तंबाखूच्या धुराशीही याचा संबंध दिसलेला आहे. एक पांढरा उपटला की दहा येतात हे खरं नाही, कारण एका मुळातून त्याचाच केस येतो. टक्कल केल्याने केस दाट होतात हेही तसंच. 1928 मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीच्या केसांवर मोजून दाखवलं की वस्तऱ्याने जाडी किंवा वेग वाढत नाही. टोक बोथट झाल्यामुळे केस राठ वाटतो, एवढंच.

केस रंगवायचेच असतील तर मेंदी चांगली, पण शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो. ‘नैसर्गिक काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पुडी काळा रंग देते तो बहुधा पीपीडी या रसायनामुळे, आणि त्याने काहींची त्वचा भाजल्यासारखी सुजते. पाळी गेल्यानंतर भांगाशी केस विरळ होत गेले, तर त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिल देऊ शकतात. ते झाडापानांतून आलेलं नाही, पण त्याचा परिणाम चाचण्यांत दिसलेला आहे. अंबाडा सैल बांधणं, ओले केस ओढून न विंचरणं, हेही करावं. रोज ताणलेल्या केसांची मुळं कपाळाच्या कडेने कायमची जातात. गोल चकत्यांनी केस जात असतील, किंवा डोक्याची त्वचा लाल, खपल्यांची दिसत असेल, तर तेल बदलत बसू नये. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावं, कारण काही आजारांत मूळच जळून जातं आणि मग तिथे केस परत येत नाही.