शरीराचाही आपल्यावर हक्क आहे

इफ्तारला अजून अर्धा तास आहे. दस्तरखान अंथरला आहे, फळे चिरून झाली आहेत, स्वयंपाकघरातून भज्यांचा वास येतो आहे. साठी ओलांडलेले अब्बा भिंतीला टेकून बसले आहेत. कपाळावर घाम आहे, बोटे थरथरत आहेत आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जरा उशिरा येते आहे. सून जवळ येऊन विचारते, ‘अब्बा, तुमची साखर तपासू का?’ ते हात हलवून म्हणतात, ‘राहू दे बेटा, अर्धाच तास उरलाय. अजान झाली की बरं वाटेल.’

रमजानमध्ये हे दृश्य अनेक घरांत दिसते. बहुतेक वेळा अजान होते, खजूर तोंडात जातो आणि प्रसंग निभावतो. पण दरवेळी निभावतोच असे नाही. त्या अर्ध्या तासात माणूस बेशुद्धही पडू शकतो. कारण घाम, थरथर आणि बोलण्यातला गोंधळ हा रोजाचा थकवा नसतो. रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरल्याची ती सूचना असते.

२००१ मध्ये १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींचा एक मोठा अभ्यास झाला. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक महिन्यातले किमान पंधरा दिवस रोजे ठेवतात, असे त्यात दिसले. साखर फार खाली जाऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे त्यांच्यातील प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत सुमारे साडेसात पट होते. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा प्रश्न एखाद्या घराचा नाही.

इस्लामने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. कुरआनच्या ज्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज झाल्याचे सांगितले आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला ते नंतर पूर्ण करण्याची सवलतही दिली आहे. रोज रोजा ठेवणाऱ्या आणि रात्रभर नमाज पढणाऱ्या हजरत अब्दुल्लाह इब्ने अम्र यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आठवण करून दिली होती, की शरीराचाही माणसावर हक्क असतो. हा हक्क रमजानमध्ये कसा पाळायचा, ते सहेरीपासून तरावीहपर्यंत रोज समोर येत असते.

सहेरी : बरकत आणि गरज

तरावीहनंतर रात्री उशिरा भरपेट जेवायचे आणि सहेरीला न उठता झोपून राहायचे, ही सवय शहरांत वाढते आहे. काही जण केवळ चहा-खारीवर सहेरी उरकतात. दोन्ही प्रकारांत उपाशी राहण्याचा काळ विनाकारण तीन-चार तासांनी लांबतो. सहेरीत बरकत आहे आणि ती शेवटच्या वेळेच्या जवळ करावी, ही प्रेषितांची शिकवण आहे. डॉक्टरांचा सल्लाही हाच असतो.

ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा उसळ, अंडे, दही आणि भाजी असे जेवण हळूहळू पचते व दुपारपर्यंत साथ देते. मैद्याचा पाव आणि गोड चहा लवकर विरून जातो. लोणचे, पापड आणि खारवलेले पदार्थ तहान वाढवतात. इफ्तार ते सहेरी या वेळात थोडे थोडे पाणी पीत राहावे. सहेरीला एकदम तांब्याभर पाणी पिऊन दिवसाची सोय होत नाही. दिवसा लघवी गडद पिवळी आणि अगदी कमी होऊ लागली, तर पाणी कमी पडते आहे हे समजावे.

सर्वांत मोठी चूक औषधांच्या बाबतीत होते. ‘सकाळची गोळी सहेरीला आणि रात्रीची इफ्तारला’ असा सोपा हिशोब घरोघरी केला जातो. प्रत्यक्षात रमजानमध्ये मोठे जेवण संध्याकाळी होते. त्यामुळे मधुमेहाच्या काही औषधांत सकाळचा मोठा डोस इफ्तारला आणि सहेरीचा डोस कमी, असे उलट करावे लागते. काही गोळ्या बदलाव्या लागतात. रक्तदाबासाठी घेतली जाणारी लघवी वाढवणारी गोळीही रोजेदाराला उन्हाळ्यात कोरडे करू शकते. कुणाचे औषध किती आणि कधी, हे त्याचा डॉक्टरच सांगेल. खरे तर रमजानच्या दीड-दोन महिने आधी ही भेट व्हायला हवी. राहून गेली असेल तर आजही उशीर झालेला नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी काढून त्यावर भागवू नये. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. महाराष्ट्रात हिवाळ्यातला रोजा सुमारे सव्वाबारा तासांचा असतो, तर ऐन उन्हाळ्यातला साडेचौदा तासांच्या आसपास जातो. शिवाय मधल्या काळात वयही वाढलेले असते.

दुपार : थकवा कुठला, इशारा कुठला?

पहिल्या तीन-चार दिवसांत दुपारी डोके दुखते. अनेकांच्या बाबतीत ती चहा-कॉफी सुटल्याची डोकेदुखी असते आणि ती आपोआप कमी होते. असरच्या सुमारास सुस्ती येणेही स्वाभाविक आहे. मात्र काही लक्षणे थकव्याच्या खात्यात टाकू नयेत.

अचानक दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ किंवा विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. साखर ७० च्या खाली गेली, तर वेळ न पाहता रोजा सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात. तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. साखर ३०० च्या वर गेली, तरी रोजा सोडायचा असतो. तेव्हा खूप तहान लागते, सारखी लघवी होते, मळमळते आणि पोटात दुखते.

बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटेल, या भीतीने अनेक जण दिवसा साखर तपासतच नाहीत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये जेद्दा येथील बैठकीत हा विषय विचारात घेतला होता. तपासणीसाठी रक्त देणे, पोषण न देणारी इंजेक्शने आणि हृदयरोग्याने छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, तिचा अंश गिळला नाही तर, यांनी रोजा तुटत नाही, असा निर्णय तिथे झाला. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे, पण तपासणी टाळू नये.

वुजू : दिवसातून पाच वेळा आरसा

मधुमेह पायांवर हळूहळू हल्ला करतो. तळव्यांना मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो आणि शेवटी खडा टोचला तरी कळत नाही. न दिसलेली छोटी जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येते. म्हणून डॉक्टर मधुमेहींना रोज पाय पाहायला सांगतात.

नमाजी माणूस वुजू करताना दिवसातून पाच वेळा पायांवर पाणी घेतो, बोटांच्या फटींतून हात फिरवतो. त्याच वेळी नीट पाहिले तर फोड, चीर किंवा काळा पडलेला भाग लगेच लक्षात येईल. हाताला गरम लागणारे पाणी पायाला लागत नसेल, तर तोही इशारा आहे. वुजूनंतर बोटांमधली जागा कोरडी करावी, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. संध्याकाळी घोट्यावर सूज दिसत असेल, लघवीला सतत फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

इफ्तार : पहिली दहा मिनिटे

खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरीबची नमाज पढायची आणि मग जेवायचे, ही जुनी रीत आहे. या मधल्या दहा मिनिटांत पोटाला पहिला घास पोहोचतो आणि भुकेचा जोर ओसरतो. आता मात्र नमाजेच्या आधीच समोसे, भजी, कटलेट आणि गोड शरबताचे दोन ग्लास पोटात जातात. नंतर जेवण असतेच. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, या हदीसची आठवण दस्तरखानवरच व्हायला हवी.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरे म्हणते. फरसाण, चाट मसाला, लोणचे आणि बिर्याणी एकाच बैठकीत झाली, तर ही मर्यादा तिथेच संपते. मोठ्या मेडजूल खजुरात सुमारे १६ ग्रॅम साखर असते. मधुमेहींनी एका खजुराने रोजा सोडला तरी सुन्नत पूर्ण होते. तळणीचे तेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा कढईत ओतण्याची काटकसर हृदयाला महागात पडते.

ज्या बाईच्या हातचे हे सारे असते, तिच्याकडेही पाहावे. ती सहेरीला सर्वांच्या आधी उठते, रात्री सर्वांच्या नंतर झोपते आणि दुपार चुलीपुढे काढते. तिचा दम, चक्कर आणि निस्तेज चेहरा अनेकदा अंगात रक्त कमी असल्याची खूण असते. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातले लोह अंगाला कमी लागते, म्हणून तासभर थांबावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे घरातल्या पुरुषांनीही लक्षात ठेवावे.

तरावीह : सजद्यातून उठताना

तरावीहमध्ये उभे राहणे, वाकणे, सजदा करणे हा शरीराला चांगला व्यायाम आहे. याच वेळी शरीर काही गोष्टी सांगून जाते. सजद्यातून उठताना रोज चक्कर येत असेल, तर रक्तदाब उतरत असावा. पाण्याची कमतरता किंवा गोळीचा जास्त डोस हे त्याचे कारण असू शकते. मशिदीच्या दुसऱ्या मजल्यावर मागच्या वर्षी सहज चढणारा माणूस या वर्षी मध्येच थांबत असेल, तर दोष जिन्याचा नाही. छातीवर दाब, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, सोबत घाम, हे ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन घालवू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा.

चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. ‘थकलाय, झोपू द्या’ म्हणण्यात मोलाचा वेळ जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा माणसाला पाणीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

उच्च रक्तदाब तर बहुधा काहीच सांगत नाही. म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा तो मोजावा. पुन्हा पुन्हा १४० / ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर उपचार हवेत.

जी सवय बारा तास सुटते

विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांच्याशिवाय आपले चालत नाही, असे म्हणणारा माणूस रमजानमध्ये रोज बारा-चौदा तास त्यांच्याशिवाय राहतो, आणि तेही महिनाभर. मग अजान होताच खजुराच्या पाठोपाठ विडी पेटते. वास्तविक अवघड दिवस ओलांडून झालेला असतो, फक्त रात्र उरलेली असते. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा किंवा कमी उघडू लागलेले तोंड ही कर्करोगाआधीची किंवा त्याची सुरुवातीची चिन्हे असू शकतात. मिसवाक करताना ती दिसली तर दंतवैद्याकडे जावे.

विचारणे हाच इलाज

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. प्रवासात डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारले, मला सवलत आहे का? त्यांनी नाही म्हटले. त्याने अंघोळ केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. हे कळल्यावर प्रेषित (स.) सोबत्यांवर नाराज झाले. माहीत नव्हते तर विचारायचे होते, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, अशी समज त्यांनी दिली.

‘अर्ध्या तासासाठी रोजा कशाला तोडता?’ असे आजारी माणसाला सांगणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आठवावा. सुटलेला रोजा नंतर कजा म्हणून ठेवता येतो. ज्याला बरे होण्याची आशाच नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे. गेलेला डोळा, कापलेला पाय किंवा निकामी झालेले मूत्रपिंड मात्र कजा करून परत येत नाही.

त्या घरातली सून अब्बांचे ‘राहू दे’ ऐकून थांबली नाही, तर पुढचे चित्र वेगळे असते. ती यंत्र आणते, बोटाला सुई लावते. आकडा ६२ दिसतो. ती साखरेचे पाणी पुढे करते आणि म्हणते, ‘अब्बा, अल्लाहनेच सवलत दिलीय. घ्या.’ अब्बा डोळे मिटून ग्लास तोंडाला लावतात. पंचवीस मिनिटांनी अजान होते आणि ते त्याच दस्तरखानवर, सगळ्यांच्या बरोबरीने, दुआसाठी हात उचलतात.