पित्ताशयाच्या कार्याची चाचणी
स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोहोचताच तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावून पित्त आतड्यात येते. चाचणीत या संप्रेरकाचा कृत्रिम अंश, सिंकॅलाइड, शिरेतून देतात व पित्ताशय किती रिकामे झाले ते गॅमा कॅमेऱ्याने मोजतात. मोजणी १००० वरून ४०० वर आली, तर उत्सर्जन ६० टक्के.

मात्र औषध झपाट्याने दिल्यास निरोगी पित्ताशयही नीट रिकामे होत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० निरोगी स्वयंसेवकांना तेवढीच मात्रा १५, ३० व ६० मिनिटांत देऊन पाहिली. ६० मिनिटांच्या पद्धतीत निकालांतील तफावत सर्वांत कमी आढळली; सामान्य उत्सर्जनाची किमान मर्यादा ३८ टक्के ठरली. म्हणून अहवाल वाचताना औषध किती वेळात दिले तेही पाहावे. अन्यथा निरोगी पित्ताशय विनाकारण काढले जाण्याचा धोका असतो.