पंगत, मेज आणि चहाचा पेला

इंदापूर तालुक्यातील वरकुट्याच्या बाजूला ज्वारीची भाकरी हे रोजचे अन्न. शेताच्या बांधावर ती हातावर घेऊन, कांदा मुठीने फोडून खावयाची; घरी ताटात कुस्करून वर कालवण ओतावयाचे. यात काही गैर आहे असे तेथे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परंतु त्याच घरचा मुलगा पूर्वी शिक्षणासाठी पुण्यास जाऊन एखाद्या सोवळ्या घरी पाटावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी भाकरी मोडली, की शेजारच्याच्या कपाळी आठी पडत असे. वरकुट्यापासून पुणे शंभर मैलांच्या आतच आहे. तेव्हा शिष्टाचारातील भेद पाहावयास विलायतेसच जावे लागते असे नाही.

आपल्याकडील बहुतेक नियमांच्या मुळाशी ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ या दोन कल्पना आहेत. जेवणाचे साधन हात; तो एकदा तोंडाला लागला की सामाईक भांड्याला लागता कामा नये. म्हणून वाढणारा निराळा आणि जेवणारा निराळा. म्हणूनच उजवा हात अन्नाला आणि पाण्याचा पेला उचलावयास डावा. इंग्रज गृहस्थ मेजावर बसतो तेव्हा त्याचा हात अन्नाला लागतच नाही. त्यामुळे भाजीचे भांडे तो खुशाल शेजाऱ्याच्या हाती देतो, आणि काट्याने घास तोंडात घालतो तोही डाव्या हाताने! आपल्या आजीबाईंना हे पाहून शिसारी येईल. भाताने माखलेली बोटे पाहून त्यालाही तसेच वाटेल. वस्तुतः दुसऱ्याचे अन्न आपल्यामुळे बिघडू नये हीच दोघांचीही काळजी असते. इथिओपियात तर एकाच मोठ्या ताटाभोवती सारे बसतात आणि यजमान आपल्या हाताने पाहुण्याच्या मुखी घास देतो. तो तेथे मोठा मान समजतात. आपण मात्र हा मान नवपरिणीत वधूवरांपुरता आणि लहान मुलांपुरताच राखून ठेवला आहे.

काही नियम अन्नाशी नव्हे, तर मृत्यूशी निगडित असतात. जपानात भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचणे किंवा एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देणे अत्यंत अशुभ मानतात. मृताच्या पुढे ठेवलेल्या भातात काड्या तशा खोचतात आणि दहनानंतर अस्थीही काड्यांनीच उचलतात. पिंडाच्या भाताची आठवण ज्यांना आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. त्याच जपानात शेवयांचा भुरका आवाज करीत ओढला तर मात्र कोणी नाक मुरडीत नाही. आपल्याकडील कढीच्या भुरक्याला यामुळे चांगलाच सोबती मिळाला म्हणावयाचा. इंग्रजी मेजावर तो सुपाचा होईल तर पुन्हा आमंत्रण येण्याची आशा थोडीच.

परंतु सर्वांत अधिक घोटाळा होतो तो आग्रहाने. आपल्या पंगतीत पाहुण्याने प्रथम ‘नको’ म्हणावयाचे आणि वाढणाऱ्याने ते ऐकावयाचे नाही, असा अलिखित करार असतो. खरोखरच नको असेल तर पानावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात. इंग्लंडात ‘नको’ याचा अर्थ ‘नको’ इतकाच! तेथे आपल्याकडील भिडस्त तरुण पहिल्या नकारानिशी उपाशी उठतो, आणि येथे आलेला परकी पाहुणा चौथ्या पोळीनंतर केविलवाण्या नजरेने यजमानाकडे पाहू लागतो.

येथवर सारे हसण्यावारी नेता येईल. पण पुढे केलेला पेला घ्यावा की नाही, यावर जेव्हा माणसाचे समाजातील स्थान ठरू लागते तेव्हा हसू मावळते. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून गेली होती. शेवटी यजमानांनी त्यांच्या रीतीप्रमाणे चहा-बिस्किटे पुढे केली. न घ्यावे तर यजमानाचा अवमान, घ्यावे तर धर्म बाटला! कोणी चहा प्याले, कोणी पेला तसाच बाजूस ठेवला. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि शहरात एकच गिल्ला झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांचे सुधारक अनुयायीच त्यांच्यावर रुष्ट झाले. एका पेल्यापायी येवढे रामायण! आणि ज्यांना कोणत्याच पंगतीत पान मांडले जात नसे, त्यांच्याविषयी तर या वादात कोणी चकार शब्द काढीत नव्हते. पाने निराळी मांडणे हा शिष्टाचार नव्हे. ती माणसांची प्रतवारी होय, आणि तिला रीतीभातीचे नाव देणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आज वरकुट्याच्या बाजूला दारी आलेल्याने चहा नाकारला तरच यजमानाला वाईट वाटते. ‘अर्धा कप तरी घ्याच’ म्हणून कपबशी पुढे येते. घरातील म्हातारी माणसे चहा बशीत ओतून, फुंकर घालून पितात, आणि शहरात शिकलेला नातू परक्या पाहुण्यासमोर आजोबांना हळूच डोळ्यांनी खुणावतो. आजोबा मात्र फुंकर घालीतच राहतात.